मायकेल जे. फॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमावर लिहितो म्हटल्यावर लोक काय काय विचारतात! पण सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते 'बॅक टू द फ्यूचर'मधल्या मार्टी मॅकफ्लायबद्दल, म्हणजे मायकेल जे. फॉक्सबद्दल. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतोय. एका प्रश्नाचं शेपूट दुसऱ्यात अडकत असेल तिथे क्रमांक दिलाय. युक्ती माझी नाही. याच सिनेमात दांडगट बिफ झालेला टॉम विल्सन चाहत्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं छापलेलं पोस्टकार्डच जवळ बाळगतो. प्रश्न आला की कार्ड हातावर ठेवायचं, विषय संपला.

१. मायकेल जे. फॉक्स म्हणजे नेमका कोण? नाव ऐकलंय, पण चेहरा आठवत नाही.

बिनबाह्यांचं लाल फुगीर जाकीट घालून स्केटबोर्डवरून शाळेला निघालेला पोरगा आठवतोय? डेलोरियन गाडीत बसून १९८५ मधून थेट १९५५ मध्ये जाऊन आदळतो, आणि तिथे त्याची होणारी आईच त्याच्यावर भाळते? तोच हा. जन्म ९ जून १९६१, उंची जेमतेम ५ फूट ४ इंच. सिनेमात चमकला असला तरी त्याचं घर म्हणजे टीव्ही. 'फॅमिली टाइज' (१९८२ ते १९८९) आणि 'स्पिन सिटी' (१९९६ पासून) या दोन मालिकांनी त्याला जेवढं काम आणि जेवढे पुरस्कार दिले, तेवढे सिनेमानं दिले नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोक त्याला कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या संशोधनासाठी पैसा उभा करणारा माणूस म्हणूनही ओळखतात. त्याबद्दल प्रश्न ११ पासून पुढे.

२. नावातला 'जे' कशाचा? जॉन की जेम्स?

कशाचाच नाही! खरं नाव मायकेल अँड्र्यू फॉक्स. अमेरिकेतल्या नटांच्या युनियनमध्ये एका नावाचे दोन नट चालत नाहीत, आणि मायकेल फॉक्स नावाचा एक नट तिथे आधीच होता. स्वतःचं 'ए' हे आद्याक्षर लावलं तर इंग्रजीत 'मी बघा कसा कोल्होबा' असं काहीतरी ऐकू येतं, ते त्याला नको होतं. मायकेल जे. पोलार्ड हा चरित्र अभिनेता त्याला आवडायचा. त्याचा 'जे' उचलला आणि लावला.

३. तो अमेरिकन की कॅनडाचा?

जन्मानं कॅनडाचा. एडमंटनला जन्मला, वाढला व्हँकुव्हरजवळच्या बर्नबीत. वडील सैन्यात सिग्नल विभागात, त्यामुळे लहानपणी बदल्यांच्या गावांतून फिरणं झालं. पुढे त्यानं अमेरिकेचंही नागरिकत्व घेतलं. कॅनडानंही 'ऑर्डर ऑफ कॅनडा' देऊन आपला हक्क राखून ठेवलाय.

४. पहिला ब्रेक कसा मिळाला? कुणी गॉडफादर होता का?

गॉडफादर नव्हता. शाळा अर्धवट सोडून अठराव्या वर्षी तो लॉस एंजेलिसला गेला. त्याआधी कॅनडाच्या सरकारी टीव्हीवर 'लिओ अँड मी' नावाच्या मालिकेत पंधराव्या वर्षी दहा वर्षांच्या मुलाचं काम केलं होतं. वयापेक्षा लहान दिसणं हे त्याचं भांडवल होतं. पण लॉस एंजेलिसमध्ये दोन-तीन किरकोळ कामांनंतर सगळं आटलं. भाडं थकलं. घरात एक मोठा सोफा होता, सुटे भाग जोडून होणारा. पैसे लागतील तसा तो त्याचा एकेक भाग विकत गेला. फोन केव्हाच कापला गेला होता, तेव्हा कामासंबंधीचे फोन घ्यायला घराजवळच्या चिकनच्या दुकानाबाहेरचा सार्वजनिक फोन.

याच काळात 'फॅमिली टाइज'ची निवड चालू होती. निर्माता गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग याला आधी तो पसंतच नव्हता. पात्रनिवड करणाऱ्या बाईंनी हट्ट धरला म्हणून पुन्हा बोलावलं, आणि या वेळी गोल्डबर्ग भाळला. मग एनबीसी वाहिनीचे प्रमुख ब्रँडन टार्टिकॉफ आडवे आले. हा चेहरा काही मुलांच्या डब्यावर छापण्याजोगा नाही, असं त्यांचं म्हणणं. (तिकडे लोकप्रिय नटांची चित्रं शाळेच्या डब्यांवर छापायची पद्धत होती.) मालिका चालली, मार्टी मॅकफ्लाय गाजला, आणि फॉक्सनं स्वतःचं चित्र छापलेला एक डबा टार्टिकॉफना भेट पाठवला. सांगण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी तो आपल्या ऑफिसात ठेवला.

या मालिकेत त्याची भूमिका अॅलेक्स कीटनची. आईबाप जुने हिप्पी, आणि पोरगा टाय बांधून शेअरबाजाराच्या गप्पा मारणारा. मालिका खरं तर आईबापांची होती. हा पोरगा ती हळूहळू पळवून घेऊन गेला.

५. मार्टीचं काम आधी दुसराच नट करत होता, हे खरं का?

खरं आहे. पण लोक समजतात तसा फॉक्स 'ऐनवेळचा पर्याय' नव्हता. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि सहलेखक बॉब गेल यांना पहिल्यापासून तोच हवा होता. पण 'फॅमिली टाइज'मध्ये आईचं काम करणाऱ्या मेरेडिथ बॅक्स्टर बाळंतपणाच्या रजेवर होत्या, मालिकेचा भार फॉक्सवर होता, म्हणून गोल्डबर्गनं पटकथा त्याला दाखवलीच नाही. मग एरिक स्टोल्ट्झला घेतलं आणि नोव्हेंबर १९८४ च्या अखेरीस शूटिंग सुरू झालं.

स्टोल्ट्झ चांगला नट आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण त्याची टिंगल करणारे संदेश मला खूप येतात. तो मार्टीकडे एक शोकांतिका म्हणून बघत होता. विचार केला तर चूक नाही: परत येतो तेव्हा त्या मुलाचं सगळं घरच बदललेलं असतं, जुन्या आठवणी त्याच्या एकट्याच्याच. पण सिनेमा विनोदी होता आणि हशा येत नव्हता. पाच-सहा आठवड्यांचं काम पाहून झेमेकिसनं जानेवारी १९८५ मध्ये त्याला काढलं आणि गोल्डबर्गला पुन्हा गाठलं. तोवर बॅक्स्टर परतल्या होत्या. गोल्डबर्गची अट एकच: मालिकेची एक मिनिटही वेळ जाता कामा नये.

बदलीचा फटका आणखी एकीला बसला. मार्टीच्या मैत्रिणीसाठी घेतलेली मेलोरा हार्डिन फॉक्सपेक्षा उंच, म्हणून तिलाही जावं लागलं. तिच्या जागी क्लॉडिया वेल्स आली.

६. मग मालिका आणि सिनेमा एकाच वेळी कसा केला? झोपायचा कधी?

जवळजवळ नाहीच. सकाळी गाडी यायची, ती पॅरामाउंट स्टुडिओत नेऊन सोडायची. तिथे संध्याकाळी सहापर्यंत 'फॅमिली टाइज'ची तालीम, आणि आठवड्यातून एकदा समोर प्रेक्षक बसवून चित्रीकरण. तिथून दुसरी गाडी त्याला सिनेमाच्या सेटवर घेऊन जायची. काम रात्री अडीचपर्यंत, कधी पार उजाडेपर्यंत. गाडीत मागे झोपायचं, ड्रायव्हरनं घरी आणून टाकायचं, चार-पाच तासांनी पुन्हा पहिली गाडी दारात. उन्हातली दृश्यं शनिवार-रविवारी. हे जानेवारीच्या मध्यापासून साडेतीन महिने. तो त्या वेळी २३ वर्षांचा होता, मार्टी सतरा वर्षांचा.

आता सिनेमा पुन्हा बघा. मार्टी सतत धडपडतोय, कुठे डोकं आपटतोय, डोळे विस्फारून 'हे काय चाललंय' अशा चेहऱ्यानं बघतोय. त्यातलं काही कसब आहे, आणि काही, माझ्या मते, खरीखुरी झोपमोड. दिवसा एक माणूस, रात्री दुसरा, आणि आपण नक्की कुठल्या सालात आहोत याचा पत्ता नाही. मार्टीची परिस्थिती आणि नटाची परिस्थिती इतकी जुळणं विरळा.

३ जुलै १९८५ ला सिनेमा लागला तेव्हा हा लंडनमध्ये 'फॅमिली टाइज'च्याच एका विशेष भागाच्या शूटिंगला. त्या वर्षीचा अमेरिकेतला सगळ्यात जास्त कमाई करणारा सिनेमा ठरला, आणि नायकाला ते फोनवर कळलं.

७. गाणं, गिटार आणि स्केटबोर्ड हे सगळं तो स्वतः करतो का?

गाणारा आवाज मार्क कॅम्पबेलचा, वाजणारी गिटार टिम मेची. पण फॉक्सला गिटार लहानपणापासून येते. त्यानं प्रत्येक सूर कुठल्या पट्टीवर पडतो ते शिकून घेतलं, म्हणून बोटं बरोबर जागी दिसतात. आपल्याकडच्या सिनेमात नायक सतारीवर हात फिरवतो आणि सतार भलतंच काही बोलते, तसा प्रकार इथे नाही. स्केटबोर्डची सोपी कामं त्याची, अवघड कामं पेर वेलिंडरसारख्या कसलेल्या खेळाडूंची.

चोखंदळ वाचकांसाठी: १९५५ च्या त्या नाचाच्या कार्यक्रमात मार्टीच्या हातात दिसणारं गिब्सनचं लाल गिटार १९५५ मध्ये बाजारात आलेलंच नव्हतं. ते मॉडेल काही वर्षांनंतरचं. सिनेमानंतर ते गिटार गहाळ झालं आणि २०२५ मध्ये गिब्सन कंपनीनं ते शोधण्याची मोहीमच काढली.

८. 'टीन वुल्फ' तर नंतर आला. एवढ्या मोठ्या यशानंतर असला सिनेमा त्यानं का केला?

नंतर केला नाही, आधी केला. 'टीन वुल्फ'चं शूटिंग 'बॅक टू द फ्यूचर'च्या आधीचं. कमी पैशातला, पोरगा लांडगा होतो अशी गोष्ट. निर्मात्यांनी तो हुशारीनं थांबवून ऑगस्ट १९८५ मध्ये लावला आणि मार्टीच्या लाटेवर तरून नेला. त्या महिन्यात अमेरिकेत पहिल्या दोन क्रमांकांवरचे सिनेमे याचेच होते, आणि मालिकाही जोरात.

९. दुसरा-तिसरा भाग पहिल्यापासून ठरलेला होता का? आणि चौथा का येत नाही?

ठरलेला नव्हता. आमच्यापैकी ज्यांनी हा सिनेमा व्हिडिओ कॅसेट भाड्यानं आणून पाहिला त्यांचा हा गैरसमज पक्का आहे, कारण कॅसेटवर शेवटी 'पुढे चालू' अशी पाटी होती. थिएटरातल्या प्रतीत ती नव्हती. सिनेमा तुफान चालल्यावर कॅसेटच्या वेळी चिकटवली. दुसरा आणि तिसरा भाग पाठोपाठ चित्रित झाले आणि नोव्हेंबर १९८९ व मे १९९० मध्ये लागले.

या दोन भागांत फॉक्स मार्टी तर आहेच, शिवाय म्हातारा मार्टी, त्याचा मुलगा, त्याची मुलगी (हो, मुलगीही!) आणि १८८५ मधला आयरिश खापरपणजोबा. तिसऱ्या भागात मार्टीला फासावर लटकवतात त्या दृश्यात खरोखरच फास आवळला गेला. तो शुद्ध हरपेपर्यंत लोकांना वाटत होतं अभिनय छान चाललाय.

वडिलांचं काम करणारा क्रिस्पिन ग्लोव्हर पुढच्या भागांत नाही. त्याच्यासारखा दिसेल असा मुखवटा चढवून जेफ्री वाइसमनला उभं केलं होतं. ग्लोव्हर कोर्टात गेला, प्रकरण तडजोडीवर मिटलं.

चौथ्या भागाचं उत्तर सरळ आहे. झेमेकिस आणि गेल यांची परवानगी लागते, आणि आपण जिवंत असेपर्यंत हा सिनेमा कुणी नव्यानं करणार नाही, असं झेमेकिसनं २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं. मला विचाराल तर उत्तम निर्णय.

१०. 'मार्टी आज पोचणार!' असा गाडीतल्या तारखेचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो. खरा कुठला?

खरी तारीख एकच, दुसऱ्या भागात मार्टी भविष्यात जाऊन पोचतो ती: २१ ऑक्टोबर २०१५. ती येऊन गेली. २०१० आणि २०१२ मध्ये फिरलेले फोटो कुणीतरी संगणकावर आकडे बदलून केलेले होते, आणि तसले अजूनही निघतात. त्या खऱ्या दिवशी नायकी कंपनीनं सिनेमातल्यासारख्या आपोआप आवळणाऱ्या नाड्यांच्या बुटांचा पहिला जोड फॉक्सच्या पायात घातला. सिनेमानं २०१५ मध्ये शिकागो कब्ज हा बेसबॉल संघ जिंकेल असं म्हटलं होतं. कब्ज नेमके २१ ऑक्टोबर २०१५ लाच स्पर्धेतून बाहेर पडले, आणि जिंकले ते २०१६ मध्ये. एक वर्षाची चूक, चालायचंच.

११. कंपवात कधी झाला? सिनेमे करताना होता का?

तिन्ही भागांच्या वेळी नव्हता, निदान कुणाला कळला नव्हता. नोव्हेंबर १९९० मध्ये 'डॉक हॉलिवूड'च्या शूटिंगसाठी तो फ्लोरिडात होता. एका सकाळी हॉटेलात जाग आली तर डाव्या हाताची करंगळी आपोआप थरथरतेय. आदल्या रात्रीच्या पिण्याचा परिणाम असेल, असं पहिल्यांदा वाटलं. १९९१ मध्ये निदान झालं. वय २९. घरात ट्रेसी पोलन (दोघांची भेट 'फॅमिली टाइज'मधली, लग्न १९८८) आणि छोटा मुलगा. डॉक्टरांनी सांगितलं, कामाची आणखी दहा वर्षं मिळतील.

पहिल्यांदा त्यानं जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं, आणि ते त्यानं स्वतःच आपल्या 'लकी मॅन' (२००२) या आत्मचरित्रात लिहिलंय. दारू वाढली, आणि दहा वर्षांत जमेल तेवढं कमवायचं म्हणून हलकेफुलके सिनेमे पटापट स्वीकारले. ते पडले. दारू १९९२ मध्ये सोडली. 'त्याची कारकीर्द नव्वदीत का घसरली' असंही बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर बऱ्यापैकी इथेच आहे.

१२. जगाला कळलं १९९८ मध्ये. मग सात वर्षं कॅमेऱ्यासमोर लपवलं कसं?

मला या सगळ्या यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

औषध गोळीच्या रूपात. गोळी घेतली की काही वेळानं हात शांत, मग ठरावीक काळ मोकळा मिळतो, मग असर उतरतो. फॉक्स सगळं काम त्या मोकळ्या काळात बसवायचा. 'स्पिन सिटी' समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे चित्रित व्हायची. कधी गोळी लागू पडायला उशीर झाला की प्रेक्षकांना ताटकळत ठेवून हा आत बसलेला. लोकांना वाटे नटाचे नखरे. दुसरी युक्ती डाव्या हाताची: त्यात सतत काहीतरी धरायचं. पेन, फाइल, टेलिफोन, कप. नाहीतर खिशात.

माझ्या काकांना कंपवात होता. चहा अर्धा कपच द्यायचा, बशी नको, असा आमच्या घरचा नियम. 'स्पिन सिटी'चा जुना भाग आम्ही एकदा बघत बसलो होतो. मी विनोदांवर हसत होतो. काकांनी टीव्हीकडे बोट केलं, "त्याचा डावा हात बघ. दहा मिनिटं झाली, खिशातून बाहेर आला नाही." मग आम्ही भाग पुन्हा पहिल्यापासून लावला आणि फक्त हात बघितला. 'स्टिल' (२०२३) या माहितीपटात दिग्दर्शक डेव्हिस गुगनहाइमनं जुनी दृश्यं जोडून नेमकं हेच दाखवलंय. काकांनी ते आधीच पकडलं होतं.

म्हणून 'आधी नट होता, मग रुग्ण झाला' अशी त्याच्या आयुष्याची दोन दप्तरं करणं मला पटत नाही. अचूक क्षणी अचूक हालचाल, हेच त्याचं मार्टीपासूनचं हत्यार. तेच त्यानं सात वर्षं आजार झाकायला वापरलं.

१३. तो एवढा हलतो तो आजारामुळे की औषधामुळे? काही लोक म्हणतात तो मुद्दाम करतो.

डुलल्यासारखी, हेलकावे खाणारी जी हालचाल मुलाखतीत दिसते ती बहुतेक औषधाची. कंपवातात मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी घटत जातात. त्यानं थरथर, ताठरपणा, मंदपणा येतो, चेहरा निर्विकार होतो. लेवोडोपा हे औषध ती उणीव भरून काढतं, पण बरीच वर्षं घेतल्यावर अंग आपोआप डोलायला लागतं. म्हणजे औषध न घेता तो आखडलेला दिसेल आणि घेतल्यावर डोलताना.

२००६ मध्ये मूलपेशी संशोधनाच्या बाजूनं त्यानं मिसुरीतल्या एका उमेदवाराची जाहिरात केली, तेव्हा रश लिम्बॉ या रेडिओवाल्यानं 'एकतर औषध घेतलं नाही, नाहीतर अभिनय करतोय' असं म्हटलं. त्या वेळी तो औषध घेऊनच बसला होता. गंमत अशी की आरोप दुसऱ्या एका प्रसंगाला लागू पडला असता. १९९९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना त्यानं मुद्दाम औषध घेतलं नव्हतं, खरा आजार कसा दिसतो हे त्यांना कळावं म्हणून. हे त्यानं लपवलं नाही, पुस्तकात लिहिलं.

१४. आजार जाहीर झाल्यावर अभिनय सोडला का?

'स्पिन सिटी' २००० मध्ये सोडली. पण तिथून पुढे त्याचं मला सगळ्यात आवडतं काम आहे. 'बोस्टन लीगल', 'रेस्क्यू मी' (अपंग, कडवट ड्वाइट), आणि सगळ्यांच्या वर 'द गुड वाइफ'मधला वकील लुइस कॅनिंग. या कॅनिंगचं अंग हलतं, आणि तो ते कोर्टात हत्यारासारखं वापरतो. ज्युरीसमोर आजाराची माहिती देऊन आधी सहानुभूती गोळा करायची, मग समोरच्याचा गळा आवळायचा. ज्याच्याकडे जग 'बिच्चारा' म्हणून बघत होतं त्यानं असा लबाड माणूस रंगवावा, याला धाडस लागतं. याउलट २०१३ मध्ये त्याच्याच नावाची जी विनोदी मालिका आली ती फार गोड होती, आणि एनबीसीनं मध्येच बंद केली.

१५. ऑस्कर मिळालं का?

अभिनयासाठी नाही, कधी नामांकनही नाही. २०२२ मध्ये अकादमीनं जीन हरशोल्ट मानवतावादी पुरस्कार दिला. त्यात ऑस्करची बाहुलीच मिळते, म्हणून काही ठिकाणी 'ऑस्करविजेता' लिहितात. चूक नाही, पण अर्धवट. टीव्हीचे एमी पुरस्कार मात्र पाच: तीन 'फॅमिली टाइज', एक 'स्पिन सिटी', एक 'रेस्क्यू मी'. गोल्डन ग्लोब चार. स्वतःच्या एका पुस्तकाच्या वाचनासाठी ग्रॅमी. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षांकडून दिलं जाणारं स्वातंत्र्य पदक.

१६. गंभीर भूमिका कधी केलीच नाही का?

केली. ब्रायन डी पाल्माचा 'कॅज्युअल्टीज ऑफ वॉर' (१९८९) बघा. व्हिएतनाममध्ये आपल्याच तुकडीतल्या सैनिकांनी केलेल्या अत्याचाराविरुद्ध उभा राहणारा एकटा शिपाई. समोर शॉन पेन. लोकांना मार्टीला असं पाहायचं नव्हतं, म्हणून चालला नाही.

१७. २०२० मध्ये निवृत्त झाला म्हणतात. मग परत पडद्यावर कसा?

निवृत्तीचं कारण हात नव्हते, स्मरण होतं. २०१८ मध्ये मणक्यातली गाठ काढली, त्यानंतर पडून हात मोडला. तेही निभावलं. पण 'द गुड फाइट'मध्ये पुन्हा कॅनिंग करताना वाक्य डोक्यात राहीना. ज्याला पानंच्या पानं एका नजरेत पाठ व्हायची, त्याच्यासाठी तो शेवट होता. २०२० च्या पुस्तकात त्यानं तसं लिहून टाकलं.

पुढे 'श्रिंकिंग' मालिकेच्या तिसऱ्या हंगामात पाहुणा म्हणून आला. त्या मालिकेत हॅरिसन फोर्डच्या पात्राला कंपवात आहे. मालिकेचा एक कर्ता बिल लॉरेन्स हा 'स्पिन सिटी'पासूनचा सोबती. जुन्या माणसांनी बोलवायचं आणि यानं जायचं, हे त्याच्या कारकिर्दीत पहिल्यापासून आहे: 'स्पिन सिटी'तही पुन्हा गोल्डबर्गच होता.

१८. त्याच्या संस्थेचा आपल्याकडच्या रुग्णांना काही उपयोग?

थेट मदत नाही, ती संशोधनाला पैसा देणारी संस्था आहे. २००० मध्ये सुरू झाली, आजवर २०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम संशोधनाला दिली. तिच्या पाठबळावरच्या एका मोठ्या अभ्यासातून २०२३ मध्ये पाठीच्या कण्यातल्या द्रवावरून आजाराची खूण ओळखणारी चाचणी पुढे आली. संशोधनाचा उपयोग सगळ्यांनाच. आपल्याकडे आधार हवा असेल तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात.

खाजकुयलीबद्दलही दर महिन्याला कुणीतरी विचारतं. तिच्या बियांत लेवोडोपा असतं हे खरं. म्हणूनच ती चालू गोळीच्या जोडीला मनानं घेऊ नका, डोस दुप्पट होऊन बसेल. न्यूरॉलॉजिस्टला विचारा, मला नको.

१९. माझ्याकडे फक्त वीस मिनिटं आहेत. त्याचं एकच काम बघायचं तर कुठलं?

'स्क्रब्ज' मालिकेचा २००४ मधला 'माय कॅटलिस्ट' हा भाग. (ही मालिकाही लॉरेन्सचीच, प्रश्न १७ पाहा.) फॉक्स त्यात डॉ. केव्हिन केसी: हुशार, गमत्या, सगळ्या हॉस्पिटलला हेवा वाटावा असा सर्जन, आणि मंत्रचळेपणाचा आजार असलेला. दिवसभर तो सगळ्यांना शहाणं करत फिरतो. रात्री शस्त्रक्रिया संपून बराच वेळ झालेला असतो, हॉस्पिटल रिकामं होतं, आणि तरुण डॉक्टर त्याला शोधत येतात तर तो अजून बेसिनपाशी उभा आहे. हात धुतोय. थांबायचंय, थांबता येत नाही. पुन्हा साबण, पुन्हा पाणी.